सासऱ्यांनी पसंत केलेला घोडा

पहिल्या शर्यतीसाठी मी जो घोडा निवडला, तो शर्यतीत नव्हताच.

आता हे मला कुठून माहीत असणार? शर्यतीआधी घोड्यांना एका रिंगणात गोल फिरवतात, लोक कठड्याला टेकून त्यांना न्याहाळतात आणि मग खिडकीवर जाऊन पैसे लावतात, एवढंच मी इंटरनेटवर वाचून आलो होतो. त्याप्रमाणे मी कठड्याला टेकलो, जाणकारासारखे डोळे बारीक केले आणि मला तो दिसला. पांढराशुभ्र, भरदार, शांत. बाकीचे घोडे नाचत होते, फुरफुरत होते, एक तर आडवाच चालत होता. हा मात्र मधोमध उभा, कार्यालयात सगळी व्यवस्था नीट आहे ना हे बघणाऱ्या मुलीकडच्या काकांसारखा. पाठीवर चमकदार पिवळं जाकीट घातलेली एक बाई. नंबर दिसत नव्हता, पण मला वाटलं, असेल पलीकडच्या बाजूला.

खिडकीतल्या बाईंना मी माझ्या जर्मनमध्ये सांगितलं की तो पांढरा जिंकणार. त्यांनी नंबर विचारला. मी म्हटलं नंबर नाही, पण पांढरा एकच आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मान बाहेर काढून बघितलं आणि फार मायेनं समजावलं की तो घोडा धावणारा नव्हे. तो बाकीच्यांना सुरुवातीच्या जागेपर्यंत सोबत करतो आणि एखादा उधळला तर त्याला धरून आणतो. रांगेत माझ्या मागे एक पिसाची टोपी घातलेले जर्मन आजोबा होते. ते म्हणाले, निवड मात्र चांगली आहे, हा घोडा आजवर एकदाही पडलेला नाही.

हे सगळं मी परत चटईवर येऊन बायकोला आणि सासऱ्यांना खरं खरं सांगितलं, ही दुसरी चूक.

"त्यात नवीन काय?" बायको डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाली. "आमच्याकडे बघायला आले तेव्हाही ह्यांनी आधी शेजारच्या मुलीलाच नमस्कार केला होता. ती बिचारी वाटी परत करायला आली होती."

आणि माझे सासरे हसले. मोठ्यानं नाही, खांदे हलले इतकंच. पण बायकोचा हात डब्यावर तसाच थांबला. कारण जर्मनीत आल्यापासून त्यांना हसताना आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं.

हे सांगायला हवं. सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली होती. पुण्याच्या घरात बाबा एकटे, आणि आम्ही इथे फ्रँकफर्टच्या बाहेर, एका नीटनेटक्या वसाहतीत. बायकोनं फोनवर खूप मागे लागून, व्हिसाचे कागद जमवून, त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. तीन महिने आपल्या हातचं खातील, गप्पा मारतील, एवढीच तिची अपेक्षा. बाबा आले, खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले आणि तिथेच राहिले. राइनवरच्या बोटीत नेलं, म्हणाले, छान आहे. किल्ल्यावर नेलं, म्हणाले, छान आहे. एका रविवारी घरात काहीतरी मदत करावी म्हणून ते रिकाम्या बाटल्या घेऊन कोपऱ्यावरच्या कंटेनरपाशी गेले, तर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी येऊन सांगितलं की रविवारी बाटल्या टाकायच्या नसतात, आवाज होतो. बाबा सगळ्या बाटल्या तशाच परत घेऊन आले. त्या दिवसापासून ते खिडकीही पूर्ण उघडेनासे झाले.

बायकोला सगळ्यात जास्त लागलं होतं ते वेगळंच. "बाबा मला एकदाही टोकत नाहीत," ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. "आमटी पातळ झाली, तरी गप्प. मी मुद्दाम मीठ कमी घातलं, तरी गप्प."

आणि हे माझे सासरे म्हणजे कोण, तर आमच्या सगळ्या गोतावळ्यातले नावाजलेले टोकणारे. सरकारी नोकरी त्यांनी केली ती पोटासाठी. खरं काम त्यांचं, स्थळं बघणं. प्रत्येक मोठ्या कुटुंबात असा एक माणूस असतो, ज्याला घेतल्याशिवाय कोणी मुलगा बघायला जात नाही. तो फारसं बोलत नाही. पोहे खातो, पंख्याकडे बघतो, चपला कशा काढून ठेवल्यात ते बघतो, मुलगा आपल्या आईशी कुठल्या आवाजात बोलतो ते ऐकतो, आणि रिक्षात बसल्यावर एका वाक्यात निकाल देतो. बायकोच्या माहेरची निम्मीअधिक लग्नं बाबांच्या त्या एका वाक्यावर ठरली किंवा मोडली. एक चांगलं डॉक्टर मुलाचं स्थळ त्यांनी केवळ मुलाचे काका रेसकोर्सवर दिसतात म्हणून नाकारलं होतं. "रेसला जाणारं घर," म्हणाले, बस.

अशा माणसानं मला कसं पास केलं, हे मला लग्नापासून पडलेलं कोडं आहे. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा शेजारच्या मुलीला नमस्कार केला, हे तर आता तुम्हाला कळलंच आहे. पुढे पोह्यांची बशी मांडीवर उपडी केली. पायात चपला दोन निरनिराळ्या जोडांतल्या, कारण मी भावाच्या घरून घाईत निघालो होतो. तरीही रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले म्हणे, "हरकत नाही." गेली कित्येक वर्षं मी स्वतःशी असं समजत आलो आहे की त्यांच्या त्या तयार नजरेला माझ्यातलं काहीतरी दिसलं असणार, जे वरवर बघणाऱ्यांना दिसत नाही.

अलीकडे मात्र बाबांना कोणी न्यायचं बंद झालं होतं. आताची मुलं आपलं आपण ठरवतात आणि आजोबांना थेट व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवतात. बाबा त्यांना आशीर्वादाचे हात पाठवतात.

तर अशा अवस्थेत, येऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, एका सकाळी चहा पिताना बाबांनी मला विचारलं, तिकीट अलीकडचं करता येईल का. पुढच्या आठवड्यातलं. घरी नळाचं काम आहे म्हणाले. बायको गॅसपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. "नळाचं काम शेजारचे बघतील," एवढंच म्हणाली.

"तसं नव्हे," बाबा म्हणाले. "इथे माझं काय काम आहे, सांग."

मी म्हटलं, शनिवार-रविवार जाऊ दे, सोमवारी करतो फोन. आणि मग काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेलो की बेकरीत एक पोस्टर पाहिलं, जवळच्या गावात रविवारी घोड्यांच्या शर्यती आहेत, कुंपणांवरून उड्या मारतात म्हणे, जायचं का. बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की मी कोणाला विचारतोय. बायकोनं आता मात्र वळून माझ्याकडे बघितलं. बाबा येईपर्यंत घरात मला 'अरे' असतं, बाबा आले की 'अहो' होतं, पण ती नजर अगदी एकेरीतली होती.

"चला," बाबा म्हणाले. "चांगलं डॉक्टरचं स्थळ नाकारलं त्यापायी. एकदा बघू तरी."

तर असे आम्ही त्या गावात पोचलो होतो. मुलगी वर्गाबरोबर सहलीला गेली होती, म्हणून तिघंच. मैदान म्हणजे कुरण होतं, वर्षातून एकदोनदा झेंडे लावून सजवलेलं. एका बाजूला गावच्या बायकांनी घरी केलेल्या केकचं टेबल, दुसऱ्या बाजूला सॉसेजचा धूर, मधे ब्रास बँड. बाबांचं खाण्याचं जमायचं नाही म्हणून बायकोनं घरून डबा भरून आणला होता, आणि डब्यात काय, तर कांदेपोहे. तिनं ते मुद्दाम केले होते की सकाळी वेळ कमी होता म्हणून, हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

पहिली शर्यत मी पांढऱ्या घोड्यापायी गमावली. दुसरीच्या आधी बाबा कठड्याशी आले. एका हातात पोह्यांची बशी, दुसऱ्या हातात शर्यतींचं पुस्तक, जे मी त्यांना वाचून दाखवत होतो. घोड्याचं वय, घोड्याच्या आईचं नाव, बापाचं नाव, मागच्या काही शर्यतींत तो कितवा आला, कुठे पडला, पाठीवर वजन किती.

बाबांनी बशीतून मान वर केली. "आईबाप दोघांची नावं देतात?"

"हो."

"आणि आधी कुठे कुठे पडला तेही छापतात?"

"गेनाऊ," मी म्हटलं. इतकी वर्षं इथे काढल्यावर 'अगदी बरोबर'ला हे तोंडातून आपोआप येतं.

बाबांनी पुस्तकाचं ते पान पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "आपल्याकडे ह्यातलं निम्मं जरी कोणी खरं सांगितलं असतं, तर माझे किती चपलेचे जोड वाचले असते."

आणि ते कामाला लागले. दुसरा शब्द नाही त्याला. मी त्यांना इतक्या वर्षांत हे करताना कधी पाहिलं नव्हतं, कारण माझ्या वेळेला मी समोरच्या बाजूला होतो. त्यांनी घोड्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. घोडा धरून चालवणाऱ्या पोरींकडे आणि पोरांकडे बघत राहिले. हा आपल्या माणसाला ओढतोय, नको. ह्यानं दोनदा मागे वळून बघितलं, ह्याचं मन घरी आहे. ह्याला अजून धावायचंच आहे तोवर घाम फुटलाय, ह्याचं पुढे कसं व्हायचं. मी मधेच म्हटलं की तो काळा बघा, पुस्तकात त्याचा वेग सगळ्यात चांगला दिसतो.

"वेगाचं काय घेऊन बसलात," बाबा म्हणाले. "सपाटीवर कोणीही पळेल. समोर कुंपण आल्यावर काय करतो ते बघायचं. तो काळा मान फार वर धरतो. खालची जमीन त्याच्या गावीही नाही."

त्यांनी एक तपकिरी घोडी दाखवली, जिच्याकडे कोणी बघत नव्हतं. मी खिडकीवर गेलो. इथे दोन तऱ्हांनी लावता येतं, घोडा पहिला येईल म्हणून, नाहीतर पहिल्या काही घोड्यांत येईल म्हणून. ह्या दुसऱ्याला प्लाट्झ म्हणतात आणि माझ्यासारख्यांसाठी ते जास्त बरं. काळा पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होता. दुसऱ्या फेरीत पाण्याच्या चरापाशी त्याला काहीतरी आठवलं आणि तो थांबला. जॉकी एकटाच पलीकडे गेला. उठला, कपडे झटकले, चालत परत आला. तपकिरी घोडी दुसरी आली.

बाबांनी बशी खाली ठेवली. "पुढचे कधी दाखवतात?"

सगळं बरोबरच येत होतं असं नाही. तिसऱ्या शर्यतीत त्यांनी पसंत केलेला घोडा ब्रास बँडपाशी येऊन ऐकत उभा राहिला. बाबांना त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणाले, आईबापांचं तर बरं दिसत होतं, मामाकडून काहीतरी आलं असणार, मामाचं छापत नाहीत ना. आणि तेवढ्यात पिसाच्या टोपीवाले आजोबा आमच्यापाशी येऊन उभे राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, बाबांना जर्मन येत नव्हतं. दोघं कठड्यावर शेजारी शेजारी टेकून एकेका घोड्याकडे बोट दाखवत मान हलवत होते. एका घोड्याला दोघांनी एकाच वेळी नकार दिला तेव्हा दोघांनाही फार समाधान झालेलं दिसलं.

बायको एकही शर्यत बघत नव्हती. ती मागे गवतावर चटईवर बसून बाबांच्या पाठीकडे बघत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो तर म्हणाली, "त्यांनी मघाशी मला टोकलं. पोह्यांत शेंगदाणे जास्त झालेत म्हणाले." असं म्हणून तिनं चेहरा पलीकडे केला. मग म्हणाली, "उद्या सोमवार."

तेव्हा मला ती कल्पना सुचली. मला वर्षातून एखादी सुचते आणि मी ती लगेच अमलात आणतो, दुसरी कधी येईल काय सांगावं.

शेवटची शर्यत सगळ्यात मोठी होती, सगळ्यात लांब, सगळ्यात उंच कुंपणांची. घोडे आठ. मी बाबांपाशी गेलो आणि म्हटलं, बाबा, आपण दोघं लावू. पैसे नाही, तिकीट. तुमचा घोडा माझ्या घोड्याच्या पुढे आला, तर उद्या सकाळी मी फोन करून तिकीट अलीकडचं करतो, एक शब्द बोलणार नाही. माझा घोडा पुढे आला, तर नळाचं काम शेजारचे बघतील आणि तुम्ही ठरल्या तारखेपर्यंत राहायचं.

ज्या माणसानं दिवसभर घोडे ओळखले, त्याच्याशी ज्यानं दिवसाची सुरुवात धावणारा घोडा न ओळखून केली, तो पैज लावत होता, आणि पणाला लावत होता ते बायकोचे बाबा. बायको चटईवरून उठून आली होती. ती माझ्याकडे बघतच राहिली.

बाबांनी चष्मा पुसला. "शब्द आहे?" म्हणाले.

"शब्द."

आठ घोडे रिंगणात आले. मी मनातल्या मनात सगळ्या नियमांची उजळणी केली. घाम, ओढणं, मागे वळून बघणं. तरीही माझी नजर पुन्हा एका उमद्या काळ्यावरच गेली, आठ नंबरच्या, चालतानाही कोणी फोटो काढत असल्यासारखा चालणारा. मी बोट उचललं.

"तो का?" बाबा म्हणाले. "घ्या की. मान जरा वर आहे, पण घ्या." मग, जणू हवापाण्याचं विचारावं तसं, "ह्या तीन नंबरचं तुमचं काय मत?"

तीन नंबर हा एक साधा, जरा वयस्कर, पोटाशी रुंद घोडा होता. त्याला धरून चालणारी मुलगी त्याच्या खांद्यावर हात टाकून चालली होती आणि तो तिच्या पावलाला पाऊल मिळवत होता. पुस्तकात त्याच्यापुढे विजय नव्हते, पण पडल्याची खूणही एक नव्हती.

"मी तेच म्हणणार होतो," मी म्हटलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला तसंच वाटत होतं.

"मग घ्या तोच. आता मी बघतो माझा."

बाबांनी बघायला वेळ घेतला. घोडे दोनदा समोरून गेले. मग त्यांनी सहा नंबरकडे बोट केलं. मी बघितलं आणि माझा विश्वास बसेना. सहा नंबर तांबडा, मानेपासून पोटापर्यंत फेसाळलेला. त्याला दोन माणसं दोन बाजूंनी धरून होती. एकाच्या बाहीला तो चावत होता. वाऱ्यानं उडालेला कागद बघून तो दोन पायांवर उभा राहिला. पिसाच्या टोपीवाल्या आजोबांनी जोरजोरात मान हलवून नकार दिला, बाबांच्या दंडाला धरून तीन नंबर दाखवला. बाबांनी त्यांचा हात थोपटला आणि पुन्हा सहाकडे बोट केलं.

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी स्वतःला सांगितलं, दिवसभर उन्हात उभे आहेत, वय आहे, नजर थकली असणार. एखाद्या शर्यतीच्या यशानं माणूस असा बेसावध होतो, आम्ही ऑफिसमध्ये बघतो ना. आपण मात्र डोकं थंड ठेवलं. मी दोघांचे नंबर खिडकीवर लावून आलो. त्या बाईंनी मला ओळखलं आणि विचारलं, ह्या वेळी दोघांनाही नंबर आहेत ना.

शर्यत सुटली. सहा नंबर सुटताना सगळ्यांच्या पुढे होता, पहिल्या कुंपणापर्यंत तर फारच पुढे. पहिल्या कुंपणाशी त्यानं कुंपणाकडे बघितलं, उजवीकडे केकच्या टेबलाकडे बघितलं, आणि उजवीकडे गेला. जॉकी डावीकडे. पिवळ्या जाकीटवाली बाई आपल्या पांढऱ्या घोड्यावरून निघाली, आणि माझा तो पांढरा, एकदाही न पडलेला, सावकाश जाऊन सहा नंबरला बाजूला घेऊन आला.

म्हणजे आता माझ्या तीन नंबरनं नुसतं पोचायचं होतं. पण पोचेल तर खरा. तो सगळ्यांच्या मागे होता आणि प्रत्येक कुंपणापाशी आल्यावर एखाद्या म्हाताऱ्यानं बसमध्ये चढावं तसा विचार करून चढत होता. दुसऱ्या फेरीत आठ नंबरचा काळा घसरला. आणखी एक थकला म्हणून बाहेर काढला. दोन पाण्याशी अडले. शेवटचं उंच कुंपण आलं आणि माझ्या शेजारी काहीतरी हललं. बघतो तर बाबा घडीच्या खुर्चीवर चढून उभे होते. त्यांच्या हातात सहा नंबरची चिठ्ठी, नजर तीन नंबरवर.

"उचल पाय," ते म्हणत होते. "उचल रे राजा. घाई नाही. पडू नकोस म्हणजे झालं."

बायकोनं एका हातानं त्यांचा शर्ट मागून धरला होता. तीन नंबरनं पाय उचलला, पोट घासलं, पलीकडे उतरला आणि आपल्या चालीनं तिसरा आला.

मला एकदा वाटलं, बाबा आपला नंबर विसरले असावेत. पण खुर्चीवरून उतरल्यावर त्यांनी चिठ्ठी नीट घडी करून माझ्या हातात दिली आणि फार गंभीर चेहरा करून म्हणाले, "हरलो बुवा. आता शब्द म्हणजे शब्द. राहावं लागणार." मग बायकोकडे वळून, "पोहे आहेत का ग थोडे? आणि उद्यापासून आमटीत मीठ घालत जा. किती दिवस गप्प बसायचं माणसानं?"

परतताना मी गाडी चालवत होतो आणि बाबा शेजारी बसून मला गाडी कशी चालवतात ते सांगत होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल त्यांचं मत झालं, बाटल्यांच्या वेळा त्या कंटेनरवर लिहिलेल्या आहेत का ते ते स्वतः जाऊन बघणार होते. आमच्या मुलीच्या एका मित्राबद्दल, जो एकदा चहाला आला होता, त्यांनी विचारलं की तो बूट कसे काढतो. मी आरशातून बायकोकडे बघत होतो. तिनं माझ्याकडे बघून काहीतरी म्हणावं, शाबास म्हणावं, अशी माझी इच्छा होती. ती खिडकीबाहेर बघत होती आणि गालात हसत होती. मी ते माझ्यासाठीच धरलं.

घरी पोचल्यावर बाबा जिन्यानं वर गेले. लिफ्ट नको म्हणाले. आम्ही दोघं खाली गाडीतून चटई, घडीच्या खुर्च्या, डबे काढत होतो. मला आता राहवेना. मी म्हटलं, बघितलंस? शेवटी डोकं कोणाचं चाललं? तुझ्या बाबांनी तो चावरा घोडा घेतला, आणि मी मात्र त्यांच्याच नियमांनी बरोबर तो तीन नंबर ओळखला. शेवटी नजर तयार होते माणसाची.

ती माझ्याकडे बघत राहिली. मुलीला पहिल्यांदा सायकल जमली तेव्हा मागून हळूच हात सोडताना होतं, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मग तिनं रिकामा डबा माझ्या हातात दिला.

"अरे," ती म्हणाली, "बाबांनी आयुष्यात जाणूनबुजून वाईट घोडा दोनदाच पसंत केलाय. दोन्ही वेळेला मला हवं होतं म्हणून."